पर्सेंटाईलवर किती ओझं टाकायचं?

२०२५ च्या फेब्रुवारीत जेईई मेनच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला, त्या दिवशी मला लातूरहून भाचीचा फोन आला. "मामू, एक्क्याण्णव पॉइंट आठ," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही. रात्री आपाला फोन केला. आपा म्हणाली, "जेवली नाही. दार लावून बसलीय. तू तरी समजाव तिला."

ही मुलगी दहावीपर्यंत वर्गात कायम पहिली. अकरावीपासून लातुरातल्या क्लासला जाते. सकाळी सहाला घर सोडते, रात्री नऊला परत येते. त्याच आठवड्यात आमच्या नात्यात एक लग्न होतं. ती वलिम्याला गेली नाही. म्हणाली, "सगळे विचारतील किती पडले. काय सांगू?"

तुमच्यापैकी अनेकांना हे घर ओळखीचं वाटेल. कुणाची जेईई असेल, कुणाची नीट, कुणाची सीईटी. मी स्वतः या वाटेनं गेलेलो आहे आणि तिथं धडपडलेलोही आहे. म्हणून या वेळचं संपादकीय मार्कांच्या भीतीवर लिहितोय. "टेन्शन घेऊ नका" असं सांगायला लिहीत नाही. त्या वाक्यानं कुणाचंही टेन्शन कमी झालेलं मी पाहिलेलं नाही. प्रश्न एवढाच आहे की ही भीती नेमकी कशाची असते, आणि त्यातली किती भीती खरोखर परीक्षेची असते.

हा आकडा काय सांगतो?

आधी आकड्याचंच पाहू. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, हे अजून कित्येक घरांत माहीत नाही. भाचीच्या आजीनं विचारलंच, "एक्क्याण्णव टक्के पडले तर रडते कशाला?"

जेईई मेन अनेक दिवस, अनेक पाळ्यांत होते. प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका वेगळी असते. त्यामुळे थेट मार्कांची तुलना न करता, त्या पाळीत तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क किती जणांना पडले ते पाहतात आणि त्याचं शंभरात प्रमाण काढतात. ९१.८ म्हणजे शंभरातले जवळपास ब्याण्णव जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे. पण परीक्षा देणारे बारा लाखांहून जास्त असतील, तर पुढे उरलेले आठ टक्केही लाखभर होतात. वर्गात पहिली येणारी मुलगी एका रात्रीत लाखाच्या मागे जाते ती अशी. तिचं गणित कच्चं झालेलं नसतं. रांग बदललेली असते.

शेवटी या रांगेच्या टोकाला किती जागा आहेत? २०२५ मध्ये सगळ्या आयआयटी मिळून सुमारे १८ हजार. जेईई मेनला वर्षभरात बसलेले चौदा लाखांहून अधिक. म्हणजे प्रत्येकानं जीव तोडून अभ्यास केला, प्रत्येकजण दुप्पट हुशार झाला, तरी तेरा लाख ऐंशी हजारांहून अधिक मुलं बाहेरच राहणार. रांगेची रचनाच तशी आहे. आपण मात्र त्या बाहेर राहण्याला "नापास" म्हणतो.

मी ज्या कामावर पोट भरतो, तिथेही पर्सेंटाईल असतं. वेबसाईट किती वेळात उघडते हे मोजताना आम्ही पी-९९ नावाचा आकडा रोज पाहतो. एखाद्या दिवशी तो आकडा बिघडला, तर कुठलाही शहाणा इंजिनिअर मशीन भंगारात काढत नाही. तो मागच्या महिन्याचे आकडे काढतो, त्या दिवशी वेगळं काय झालं ते बघतो, मग दुरुस्ती करतो. एका दिवसाच्या मोजमापात चूक असते, योगायोग असतो, हे आम्ही मशीनच्या बाबतीत गृहीत धरतो. सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मात्र ती सूटही देत नाही.

माझं २००७

मी उदगीरचा. अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. दहावीपर्यंत माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. अकरावीला सायन्स घेतलं तेव्हा "घर्षण" मला नीट येत होतं, पण सर "फ्रिक्शन" म्हणाले की मी शेजारच्याच्या वहीत बघायचो. पहिले चार महिने विषय कळण्यापेक्षा शब्द जुळवण्यातच गेले. आज जेईई मेन मराठीत आणि उर्दूतही देता येते, २०२१ पासून. आमच्या वेळी तशी सोय नव्हती, आणि अ‍ॅडव्हान्स्ड तर आजही फक्त इंग्रजी आणि हिंदीतच होते.

आमच्या मोहल्ल्यात इंजिनिअरिंगला जायचं म्हणणारा मी पहिला. क्लासची फी भरायला अम्मीनं बांगड्या मोडल्या. दुकानात येणारे गिऱ्हाईक अब्बांना विचारायचे, "मास्तर, पोरगा आयआयटीला लागणार म्हणे?" जुम्म्याला मशिदीबाहेर एक बुजुर्ग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "बेटा, कौम का नाम रोशन करना." ते प्रेमानंच बोलायचे. पण त्या दोन वर्षांत तो हात माझ्या खांद्यावरून कधी उतरलाच नाही.

सीईटीच्या दिवशी फिजिक्सचा पहिलाच प्रश्न मी तीन वेळा वाचला आणि तिन्ही वेळा तो माझ्या डोक्यात शिरला नाही. तळहाताला इतका घाम की ओएमआर शीटवर डाग पडेल या भीतीनं मी रुमाल खाली ठेवून गोळे भरत होतो. समोर कप्पीचा प्रश्न होता आणि माझ्या डोक्यात अम्मीच्या बांगड्या होत्या. सरावात सुटणारे कितीतरी प्रश्न त्या दिवशी सुटले नाहीत. आयआयटीची परीक्षा तर त्याहून वाईट गेली.

निकाल लागला त्या दिवशी मी सायबर कॅफेत जाऊन आकडा पाहिला आणि घरी येऊन सांगितलं की साईट बंद आहे. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. दोन दिवस मी अब्बांशी खोटं बोललो. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलाचे वडील पेढे घेऊन दुकानात आले, तेव्हा अब्बांना कळलं.

संध्याकाळी ते घरी आले. मी कोपऱ्यात बसलो होतो. ओरडतील, निदान गप्प बसून शिक्षा देतील असं वाटलं होतं. त्यांनी हातपाय धुतले, जेवायला बसले आणि विचारलं, "आता पुढचा फॉर्म कुठला भरायचा असतो? कधीपर्यंत आहे?"

एवढंच. मला त्या वाक्याचं मोल कळायला बरीच वर्षं गेली. दोन वर्षं मी ज्या रागाला घाबरत होतो, तो राग बहुतेक मीच मनात शिवून ठेवला होता. अब्बांनी मला कधी सांगितलंच नव्हतं की मार्क कमी पडले तर काय होईल. आणि त्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सगळ्यात वाईट तेच गृहीत धरलं होतं. तेच वाक्य त्यांनी परीक्षेच्या आधी म्हटलं असतं तर? माझे मार्क वाढले असते की नाही, सांगता येत नाही. पण मी दोन दिवस खोटं बोललो नसतो.

"कॉलेजनं काही फरक पडत नाही" हे खरं आहे का?

मला पुढे एका खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला. इथं आमच्यासारखे, जरा स्थिरावलेले लोक एक सोपं भाषण देतात: बघा, मी साध्या कॉलेजात शिकलो, तरी आज चांगल्या कंपनीत आहे, म्हणून कॉलेजनं काही फरक पडत नाही. मी हे भाषण देणार नाही, कारण फरक पडला.

आमच्या कॉलेजात कंपन्या फारशा येत नसत. पास झाल्यावर अकरा महिने मी पुण्यात एका खोलीत चौघांबरोबर राहून अर्ज करत होतो. पहिली नोकरी टेस्टिंगची मिळाली, महिना आठ हजारांवर. नंतर नामवंत कॉलेजांतल्या लोकांबरोबर काम करायला लागलो तेव्हा लक्षात आलं की ते माझ्यापेक्षा फार हुशार होते असं काही नाही. पण प्रत्येकाच्या फोनमध्ये वीस-पंचवीस असे नंबर होते की ज्यांना "तुमच्याकडे जागा आहे का?" असं सहज विचारता येत होतं. माझ्या फोनमध्ये तसा एकही नव्हता.

अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी याच प्रश्नावर काम केलं. त्यांनी अशी मुलं पाहिली ज्यांनी नामवंत कॉलेजांत अर्ज केले होते, त्यातली काही तिथं गेली आणि काही कमी नावाजलेल्या कॉलेजांत गेली. सारख्याच तयारीच्या, सारख्याच आकांक्षेच्या मुलांची तुलना केली तर पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक दिसला नाही. ही अर्धी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. उरलेली अर्धी गोष्ट अशी की कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना, तसंच ज्यांचे आईवडील कमी शिकलेले होते त्यांना, नामवंत कॉलेजचा फायदा झालेला दिसला.

देश वेगळा आहे, पण कारण समजायला अवघड नाही. ज्याच्या घरात आधीच इंजिनिअर, डॉक्टर, वकील आहेत, त्याला कॉलेज जे देतं ते घरातूनही मिळतं. शिंप्याच्या मुलाला ते कॉलेजातूनच मिळायचं असतं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार, देशातल्या आघाडीच्या महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम होता, आणि पदव्युत्तर पातळीवर पन्नासामागे एक. त्यामुळे आपल्या मुलामुलींनी मोठ्या कॉलेजची आस धरली तर ती हाव नाही. तिचं कारण खरं आहे.

म्हणून तुमची भीती मी खोटी ठरवणार नाही. मार्कांना किंमत आहे. पण ती किंमत किती, आणि त्यावर आपण बाहेरून आणून आणखी काय काय लादलं आहे, हे वेगळं करायला हवं.

खरी भीती वेगळीच निघाली

आता परत लातूरला. निकालानंतरच्या रविवारी मी तिकडे गेलो. इंजिनिअर माणसाला अडचण सांगितली की तो उपाय सांगायला लागतो. मीही लागलो: झोप किती घेतेस, मॉक टेस्ट किती दिल्या, चुका लिहून ठेवतेस का. भाचीनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मामू, मला परीक्षेची भीती वाटत नाही. मार्क कमी पडले तर मला बाहेर शिकायला पाठवणार नाहीत, त्याची वाटते. आयआयटीला लागले तर कुणी नाही म्हणू शकणार नाही. त्याच्याखाली काहीही असलं तरी म्हणतील, इथंच बीएस्सी कर."

मी गप्प झालो. तिच्यासाठी पर्सेंटाईल हा परवान्याचा आकडा होता. माझ्यासारख्या मुलाला मार्क कमी पडले तर खासगी कॉलेज, ड्रॉप घेणं, डिप्लोमा, काहीतरी चालून गेलं. तिला मात्र वाटत होतं की घराबाहेर पडायला एकच दार आहे आणि त्याची उंची ९९ पर्सेंटाईल आहे. अशा मुलीला दीर्घ श्वास घ्यायला सांगून काय होणार?

रात्री जेवण झाल्यावर मी दुल्हेभाईंना बाहेर घेऊन गेलो. म्हटलं, "तुम्ही तिला पाठवणार नाही म्हणालात का?" ते म्हणाले, "मी कधी म्हणालो? पण एवढ्या लांब, एकटी पोरगी, फी, हॉस्टेल... चांगलं कॉलेज असलं तर ठीक आहे. नाहीतर बघू." हे "बघू" मुलीनं ऐकलं होतं आणि त्याचा अर्थ तिनं स्वतःच लावला होता. मी म्हटलं, "दुल्हेभाई, एप्रिलच्या परीक्षेआधी तिला स्पष्ट सांगा. काहीही निकाल लागला तरी शिकायला जाशील, कुठं ते मार्कांवर ठरेल." ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्याच रात्री तिचा जेईईचा फॉर्म मी पाहिला. नेट कॅफेवाल्यानं भरलेला, वर्ग "जनरल". आपाचं घर ओबीसी यादीत येत नाही. पण उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या बरंच आत आहे, शेती नाही, घर छोटं आहे. म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या, ईडब्ल्यूएसच्या, दहा टक्के आरक्षणात ते बसतं. २०१९ पासूनची ही तरतूद धर्म पाहत नाही, हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. पुण्यात बसून मी तिला अभ्यासाचे व्हिडिओ पाठवत राहिलो, पण फॉर्म एकदाही विचारला नाही.

याचा हिशोब सांगतो. २०२५ मध्ये जेईई अ‍ॅडव्हान्स्डला पात्र व्हायला खुल्या वर्गात सुमारे ९३.१ पर्सेंटाईल लागले. ईडब्ल्यूएसमध्ये सुमारे ८०.४. भाची दीडेक पर्सेंटाईलसाठी जेवण सोडून बसली होती, आणि तहसील कार्यालयातल्या एका दाखल्याचा फरक जवळपास तेराचा होता.

दुल्हेभाईंनी तिला समोर बसवून काही सांगितलं नाही. तो त्यांचा स्वभाव नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि तिला स्कूटरवर घेऊन तहसीलला गेले, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. संध्याकाळी आपाचा फोन आला, "आज पोटभर जेवली."

दुसऱ्या सत्राच्या फॉर्ममध्ये वर्ग दुरुस्त झाला. एप्रिलमध्ये पर्सेंटाईल थोडंसं वाढलं. तिनं अ‍ॅडव्हान्स्ड दिली, आयआयटीची रँक आली नाही. आज ती घरापासून साडेतीनशे किलोमीटरवर इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिला हवं होतं संगणक. त्याचं वाईट वाटतं तिला, आणि वाटणारच. पण आता ती फोन उचलते.

विद्यार्थ्यांसाठी: हाताशी असलेल्या गोष्टी

पहिली गोष्ट, भीती कागदावर लिहा. शिकागोतल्या जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नववीच्या विद्यार्थ्यांना वार्षिक परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपल्या मनातली भीती लिहायला सांगितली. ज्यांना परीक्षेचा नेहमी धसका असायचा, त्यांचे गुण यानं सुधारले. दुसऱ्याच विषयावर लिहिणाऱ्यांना तो फायदा झाला नाही. कारण साधं आहे. गणित सोडवताना डोक्यात आकडे धरून ठेवायला थोडीच जागा असते. मागे दहा अ‍ॅप उघडी असली की फोन अडखळतो, तसंच काळजीनं ती जागा व्यापली की कप्पीचा प्रश्न तीनदा वाचूनही कळत नाही. २००७ मध्ये माझं हेच झालं होतं. मी ढ झालो नव्हतो.

दुसरी, मॉक टेस्टला निकाल समजू नका. ती अभ्यासाचीच पद्धत आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना लगेच जास्त आठवलं. पण आठवड्यानं पाहिलं तेव्हा, पुस्तक बंद करून स्वतःची परीक्षा घेणारे पुढे होते. म्हणून चाचणीत चुकणं हा तोटा नाही. चुकलेले प्रश्न न बघता पुढची चाचणी देणं हा तोटा आहे.

तिसरी, एका चाचणीचा आकडा मनाला लावून घेऊ नका. सगळ्यात चांगला धरू नका, सगळ्यात ताजाही धरू नका. शेवटच्या पाच चाचण्यांची सरासरी काढा. तुम्ही साधारण तिथं आहात.

चौथी, परीक्षेच्या आधी, निकालाच्या नव्हे, घरच्यांबरोबर बसून एका कागदावर तीन-चार वाटा लिहा. आयआयटी नाही तर एनआयटी, नाही तर सीईटीतून सरकारी किंवा अनुदानित कॉलेज, नाही तर अल्पसंख्याक दर्जाचं कॉलेज, नाही तर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. प्रत्येक वाटेपुढे फी किती आणि कागद कोणते, ते लिहा. दुसरी वाट लिहून ठेवली तर पहिलीवरचं लक्ष उडेल असं काहींना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. खाली जाळी आहे हे माहीत असलं की हात कमी थरथरतात.

पाचवी, कागद. ईडब्ल्यूएस असेल तर तो दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास. आपल्यातल्या ज्या बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत त्यांना जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र. वैधतेला वेळ लागतो, ती अकरावीतच सुरू करा. मुलींनी आणखी एक लक्षात ठेवा. २०२४ च्या जुलैमधल्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. फीच्या नावाखाली अडणारं "बघू" यानं बरंच हलकं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्र सगळ्यात वर होता. डॉक्टरकडे जाण्यात लाज वाटावी अशी ही गोष्ट नाही.

आणि आपल्यासाठी

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणं आणि चारचौघांत त्यांना लाजवणं शक्य तितकं टाळावं, असं शैक्षणिक संस्थांना आणि विशेषतः कोचिंग क्लासना त्यात सांगितलं आहे. क्लासवाल्यांना हे विचारायला हवंच. पण तोच प्रश्न आपण आपल्या मोहल्ल्यालाही विचारू या.

दर जून-जुलैत आपल्या संस्था गुणवंतांचे सत्कार करतात. मीही अशा कार्यक्रमांत पाहुणा म्हणून गेलो आहे, ट्रॉफ्या वाटल्या आहेत. मनापासून होणारं काम आहे ते, आणि शिकणाऱ्या मुलामुलींचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्या मंडपात ६२ टक्केवाला मुलगा येत नाही. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी मुलगी येत नाही. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले म्हणून कॉलेज सोडण्याच्या बेतात असलेला येत नाही. ज्यांना आपली खरी गरज आहे ते घरी दार लावून बसलेले असतात, आणि बाहेर लाऊडस्पीकरवर दुसऱ्यांची टक्केवारी ऐकत असतात.

माझी सूचना साधी आहे. सत्काराच्या खर्चातला आणि वेळेतला निम्मा भाग निकालाच्या आधी वापरा. दर डिसेंबरात प्रत्येक मोहल्ल्यात दोन रविवार फॉर्म आणि दाखल्यांचं शिबिर घ्या. आपल्यातले जे शिकून पुण्या-मुंबईला, दुबईला गेलेत, त्यांनी गावातल्या दोन मुलांना आपला फोन नंबर द्यावा आणि तो उचलावा. अकरा महिने माझ्याजवळ जो नंबर नव्हता, तो देणं आपल्या हातात आहे. त्याला कुठलीही कमिटी लागत नाही, आरक्षण लागत नाही.

आणि कौमचं नाव रोशन करायचं काम सतरा वर्षांच्या पोरांवर सोपवणं थांबवू या. समाज मागे राहिला त्याची कारणं दीडशे वर्षांची आहेत: गरिबी, उशिरा आलेली शाळा, भेदभाव, आपलीही दिरंगाई. तीन तासांच्या एका पेपरात कुणी एकटं ती फेडू शकत नाही. त्या पेपरला जाताना मुलाच्या डोक्यात फक्त फिजिक्स असू द्या.

पुढची परीक्षा जवळ आली असेल, तर आज रात्री जेवताना एवढं करा. आईवडील असाल तर मुलाला, मुलीला स्पष्ट सांगा की निकाल काहीही लागो, शिक्षण चालू राहील. विद्यार्थी असाल आणि घरून कुणी असं म्हटलेलं नसेल, तर वाट बघत बसू नका, तुम्हीच विचारा: "मार्क कमी पडले तर काय करायचं?" उत्तर कदाचित तुम्हाला वाटतं त्याहून बरं असेल. माझ्या अब्बांकडे ते तयार होतं. मीच विचारलं नव्हतं.